काठोकाठ चहा

"एकच रात्र राहतो," म्हणत झुल्फिजारच्या घरी उतरलेला मतियास नवव्या दिवशीही तिथेच होता. पाठीवर सॅक टाकून त्याने एक्केचाळीस देश पालथे घातले होते, आणि कोणत्या देशातली माणसं कशी ओळखायची, हे तो तिला रोज जेवताना मोडक्यातोडक्या उझबेकीत शिकवायचा. शुक्रवारी तिची लेक बाळंतपणाला माहेरी यायची होती. घरात जास्तीची खोली एकच, आणि तिच्यात मतियास.

"पाहुण्याला जा म्हणायचं नसतं हं," नवरा एर्गाश कुजबुजला.

"मी कशाला म्हणू? चहा सांगेल की!"

त्यांच्याकडे हव्याशा पाहुण्याला चहा अर्धी वाटीच देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. वाटी काठोकाठ भरली, की पाहुण्याने काय ते समजून चपला घालायच्या.

झुल्फिजारने वाटी इतकी भरली, की चहा सतरंजीवर सांडला. मतियासला गहिवरून आलं.

"ओपा, ताई माझी, इतके दिवस अर्धीच वाटी देत होतात. मला वाटलं, तुमचा हातच जरा आखडता. आज मला घरचा मानलंत!" त्याने वाटीचा फोटो काढला आणि घराच्या पत्त्यासकट जगभरच्या मित्रांना पाठवला.



शुक्रवारी पोटुशी लेक फाटकाशी उतरली, तेव्हा तिच्यापुढे तीन सॅकवाले उभे होते आणि मतियास त्यांना म्हणत होता, "या, या, लाजू नका, इथे आता वाटी भरून देतात!"