कुणाचा माणूस

"म्हणजे भीमाला कामावर यायची वेळ ठरलेली नव्हती?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"नव्हती," रेणुकादास म्हणाले आणि साक्षीच्या कठड्यावरचा हात खाली घेतला.

खोटं बोलायची सवय नव्हती अशातला भाग नाही. चहापत्ती विकण्यात उभी हयात गेली होती. पण शपथेवर, आणि समोर भीमा बसलेला असताना, जीभ जड झालीच. सकाळी आठच्या आत कंपनीचा शर्ट घालून पहिल्या दुकानातला फोटो ग्रुपवर टाकायचा, हा नियम त्यांचाच. फोटो आला नाही की सगळ्यांदेखत भादरणारे तेही तेच.

भीमा मुदखेड, उमरी, नायगाव ही लाइन बघायचा. किराणा दुकानात जायचं, दुकानदारासमोर स्टोव्हवर चहा उकळायचा, त्याला पाजायचा, मगच माल उतरवायचा. आता त्याचं म्हणणं होतं, मी कंपनीचा नोकर आहे, मला नोकराचे हक्क द्या. कंपनी म्हणत होती, हा कसला नोकर, हा तर कमिशनवरचा स्वतंत्र विक्रेता.

लातूरच्या मालकांनी रेणुकादासांना बजावून धाडलं होतं. "करार सगळ्यांचा एकच आहे. एक भीमा नोकर ठरला की झाडून सगळे ठरतील. मग नांदेडचं ऑफिस बंद, आणि मॅनेजर म्हणून तुम्हीही घरी."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? इकडे आड, तिकडे विहीर.

शिवाय भीमासमोर शरम वाटत होती ती वेगळीच. गेल्या वर्षी हैदराबादच्या चहा कंपनीने त्याला जास्त कमिशनवर बोलावलं, तेव्हा वकिलाची नोटीस धाडून त्याला दावणीला बांधणारे रेणुकादासच. "तू आमचा माणूस आहेस. दुसऱ्याचा माल विकलास तर कोर्टात खेचू," असं तोंडावर सुनावलं होतं. भीमा मुकाट्याने परत लाइनवर गेला. त्याच्या आधीही काही जण असेच नोटिशीला घाबरून लाइनवर परतले होते.

आता भीमाचा वकील उठला. अगदीच नवखा दिसत होता.

"भीमा दुसऱ्या कंपनीचा माल विकू शकत होता का?"

उत्तर आदल्या दिवशीच पढवलेलं होतं. "हो. कुणाचाही. आमची कसलीच आडकाठी नाही. कुणालाच नाही."

"आणि दुकानदार? ते कंपनीचे?"

"छे. ज्याने जोडले त्याचे."

"एवढंच," म्हणून वकील खाली बसला. रेणुकादासांना त्याची कीव आली.

महिन्याभराने निकाल लागला. रेणुकादासांची साक्ष कोर्टाने जशीच्या तशी मान्य केली. भीमा नोकर नाही. तो कुणाचाही माल विकायला मोकळा आहे आणि दुकानदार त्याचे स्वतःचे आहेत.

रेणुकादासांनी कोर्टातूनच लातूरला फोन लावला. मालकांनी शाबासकी दिली. नोकरी वाचली होती, पण तोंडाची चव गेली होती.

बाहेर लिंबाखाली भीमा उभा होता. भोवती नागप्पा, ज्ञानोबा, सगळ्या लाइनींवरची माणसं. टाळून जावंसं वाटलं, पण गाडी त्यांच्याच पलीकडे होती.

"भीमा, माफ कर बाबा. माझाही नाइलाज होता."

"माफी कशाची, साहेब? लई उपकार झाले."

रेणुकादासांना वाटलं, टोमणा मारतोय. पण भीमा खरोखरच हसत होता, आणि त्याच्यामागे बाकीचेही.

"मला नोकरी कुठं पायजे होती? मी तुमचा माणूस न्हाई, हे तुमच्याच तोंडून कोर्टात वदवून घ्यायचं होतं." त्याने हात जोडले. "उद्यापासून आम्ही समदे हैदराबादचा चहा घेऊन निघणार, साहेब. दुकानदार तर आमचेच हायत."