करदात्याची सही

सेवा सुधारण्यासाठी करखात्याने जनसुनावणी भरवली, म्हणून मीही दुकान बंद ठेवून गेले. माझी पाळी येताच सुनावलं, "साहेब, टेलरिंगचं दुकान आमच्या यांच्या नावावर. यांना जाऊन नऊ वर्षं झाली. नाव बदलायचा अर्ज दरवेळी परत येतो. करदात्याने स्वतः सही करावी म्हणे! यांना कुठून आणू? मग काय, दरवर्षीचा फॉर्म मीच यांची सही ठोकून भरते." सभागृह हसलं. साहेब वरमले. "ताई, चुकलंच आमचं. आत्ताच दुकान तुमच्या नावावर करतो. इथे तुमची सही करा." मी झरझर सही केली. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. सही आमच्या यांची होती, शेवटच्या फराट्यासकट. दुसरा कागद आला. तीच सही. आता कुणी हसत नव्हतं. माझं नाव घोकत तिसऱ्या कागदावर पेन टेकवलं, आणि यांनी पुन्हा सही केली.