उसन्या पापण्या

दहा वर्षं त्रिंबकबुवांच्या पापण्या डोळ्यांवर अर्ध्या लोंबत होत्या. मान मागे टाकून, कपाळ ताणून ते कीर्तन करत, आणि श्रोते भाबडेपणानं म्हणत, "बुवांची समाधी लागली बघा!" शेवटी डॉक्टरांनी पापणी उचलणारे स्नायू एका मृत दात्याचे आणून बसवले.

तेव्हापासून गजर सुरू झाला की बुवांना डोळे मिटताच येईनात. पापण्या ताठ होत आणि नजर देवळाच्या दाराला खिळून राही.

"स्नायूंना जुनी सवय आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या ते काढून प्रयोगशाळेत वाढवलेले कोरे बसवू." बुवांना हायसं वाटलं. देवापुढं परक्याच्या नजरेनं उभं राहायचं म्हणजे पापच की!

त्या संध्याकाळी गजर रंगात आला असताना एक म्हातारी आत येऊन खांबाशी टेकली. बुवांच्या पापण्या अलगद मिटल्या. तीन महिन्यांनी मिटल्या डोळ्यांपुढं विठ्ठल उभा राहिला, पण बुवांच्या अंगावर काटा आला.

आरतीनंतर ती पाया पडायला आली आणि बुवांच्या डोळ्यांकडे बघतच राहिली.

"माझा दत्तू गजरात असाच दाराकडं डोळे लावायचा हो. मी आले की मगच मिटायचा. गेला तेव्हा त्याचं सगळं दान केलं. तेव्हापासून आज पहिल्यांदा देवळाचा उंबरा ओलांडला मी." जाता जाता ती वळली. "उद्या आहे का कीर्तन?"

उद्या बुवांना दवाखान्यात जायचं होतं.

"आहे, माउली. पण जरा लवकर या. फार वाट बघतो तो."