मंगळवारचा नेम

या मायबापहो, असे पुढं सरकून बसा. एका बाईच्या सेवेची गोष्ट सांगतो.

मुलचेऱ्याकडच्या एका गावात बायनाबाई विहिरीवर आली, हातात ब्लीचिंग पावडरीचं पातेलं. ग्रामपंचायतीनं नेमलेली ती जलसुरक्षक. अठरा वर्षांमागं एका पावसाळ्यात विहिरीत पावडर पडली नाही आणि तिची लेक मोनाली हगवणीनं दोन दिवसांत गेली. तेव्हापासून हे काम तिनं दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

काठावर नागपूरचे प्रफुल साहेब पाण्याची बाटली उजेडात धरून उभे होते. मागं पलीकडच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी फुटली, डिझेल झऱ्यात उतरलं, विहिरीवर तवंग आला. डिझेल खाऊन पाणी निवळणारे जंतू साहेब सहा महिने विहिरीत सोडत होते, वरून त्यांना खुराक घालत होते. तरी जंतू मरत. आज मुदत संपत होती. पाणी सुधारलं नाही तर विहीर बुजवायची, असं ठरलेलं.

"बाई, हे काय टाकताय?"

"पावडर. पडते न साहेब, दर मंगळवारी. एकबी नागा नाई."

"या विहिरीत? हिचं पाणी तर बंद आहे."

"तुमीच त बोर्ड लावला, 'या विहिरीत जंतू सोडले आहेत' म्हणून. वाचलं अन् मी दुप्पट टाकू लागलो."

साहेबांनी बाटली खाली ठेवली. "बाई, ते आपले जंतू होते. डिझेल खाणारे."

बायनाबाई हसली. "जंतू कधी आपले राह्यते का साहेब? माही पोरगी मंग कोणं नेली?"

साहेब हसले नाहीत. तेव्हा तिला कळलं. ती काठावर टेकली.

"मले सांगाले काय झालतं?" ती म्हणाली. "सहा महिने तुमची मानसं माह्याच घरचा चहा पेऊन राह्यली."

विहीर बुजली. गाव आता दोन किलोमीटरवरून पाणी वाहतं. काम का फसलं, त्याचा अहवाल आला. ज्याची टाकी फुटली त्याचं नाव त्यात कुठं नाही. बायनाबाईचं आहे, नवऱ्याच्या नावासकट.

कागदानं तिला तसं लक्षात ठेवलं. तुम्ही मायबापहो, एवढंच ध्यानात असू द्या: बायनाबाईच्या राखणीत, अठरा वर्षं, त्या गावातलं एकही लेकरू हगवणीनं गेलं नाही.