गाळलेली ओळ

सकाळी दहाला निलेश सर खुर्ची ओढून तेजलच्या शेजारी बसले. अंधेरीतल्या त्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मालक असे कुणाच्या शेजारी बसत नसत.

"गुणाजीने रिपोर्टात लिहून ठेवलंय, 'दोर झिजला आहे, बदला.' ती ओळ काढ."

तेजलला कळलं. परवा मुलुंडच्या एका सोसायटीत दोर तुटून लिफ्ट कोसळली होती. आत घरकामाला जाणाऱ्या शेवंतीबाई होत्या. जागीच गेल्या.

"कुठल्या महिन्याची?"

"सगळ्या महिन्यांची, सगळ्या बिल्डिंगींची. एकाच ठिकाणी खोडाखोड केली तर पोलिसांना संशय येतो. तुझी ती स्क्रिप्ट आहे ना, चालव."

ती स्क्रिप्ट तेजलने हौसेने लिहिली होती. मेकॅनिक लोक फोनवर घाईघाईत रिपोर्ट टाइप करत. तारखा उलटसुलट, शब्द मोडके. पण एक कमांड दिली की हजारभर फाइली सरळ होत. आज तिने त्यात नवी ओळ घातली: जिथे 'दोर' आणि 'बदला' एकत्र सापडेल, ती ओळ गाळायची.

"सर, जुन्या फाइलींची एक कॉपी राहते."

"तीही नको."

तिने कॉपी ठेवणारी ओळही काढली आणि एंटर दाबलं. पापणी लवते न लवते तोच स्क्रीनवर आकडा उमटला. एक्केचाळीस फाइली बदलल्या होत्या. सर उठून गेले.

दुपारी गुणाजीकाका आले. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेला माणूस. त्यांना पोलीस चौकीत बोलावलं होतं.

"मुलुंडचे रिपोर्ट छापून दे गो. तीनदा लिहिलंय मी. दाखवतो त्यांना."

तिने कागद काढून दिले. काकांनी चष्मा लावून ते वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग तिच्याकडे पाहिलं. तेजलने मान खाली घातली.

"फक्त मुलुंडचं?"

"नाही काका. सगळ्यांचंच."

आता ते ओरडतील, असं तिला वाटलं. काकांनी तोच छापलेला कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि झिजलेल्या दोरांच्या लिफ्ट आठवून लिहायला घेतलं. घाटकोपरच्या दोन. बोरिवलीची शाळेसमोरची एक. भांडुपची एक.

पेन थांबलं. पुढची त्यांना आठवेना.

"बाकीच्या खंयच्या होत्या गो?"