उलटे वेढे

गिऱ्हाइकाने गळाची जुनी बांबूची काठी तिच्या टेबलावर ठेवली. “वडिलांची आहे. कारागिराचं नाव कुठेच नाही. किंमत सांगाल?” तिने भिंग लावलं. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून काठी घडवली होती; सांधे केसभरही उकलले नव्हते. रेशमी दोऱ्याचे वेढे मात्र उलटे होते, डावखुऱ्या हाताचे. काकांच्या काठ्यांच्या कारखान्यात डावखुरी ती एकटीच होती. तिने घडवलेल्या पहिल्या काठीबद्दल काका म्हणाले होते, “पोरी, हे तुझं काम नव्हे. जाळून टाकली मी.” त्यानंतर चाळीस वर्षं ती फक्त दुसऱ्यांच्या काठ्या पारखत आली. “वडिलांना कुठे मिळाली?” तिने विचारलं. “तुमच्या काकांनीच विकली. म्हणाले, एवढी सुरेख काठी मलाही कधी जमली नाही. कुणाच्या हातची हो?” “माझ्या,” ती म्हणाली. आतल्या खोलीतून काकांनी औषधासाठी हाक मारली. आज पहिल्यांदाच ती उठली नाही.