बिनव्याजी

शिंप्याने दुकानाची कागदपत्रं बँकेच्या मॅनेजरसमोर ठेवली.

"दुकान कशाला गहाण टाकता? तुमचा व्यवहार चोख आहे, विनातारण कर्ज देतो. व्याज जरा जास्त पडेल, एवढंच."

"विनातारण एक आहेच, साहेब. तेच फेडायचंय."

"त्याला व्याज किती?"

"काहीच नाही. सासऱ्यांनी दिलंय."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "अहो, बिनव्याजी पैसे परत करायला कोणी दुकान अडकवतं का?"

गेली तीन वर्षं सासरे रोज दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून, शिलाई मशीन कोणाच्या पैशाचं आहे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते.

"साहेब, हप्ता चुकला तर तुम्ही नोटीसच पाठवाल ना?"

"हो."

"स्वतः येऊन बसणार नाही ना?"